रिफ्लेक्सॉलॉजीला जाताय? आधी पाय उलटून पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रिफ्लेक्सॉलॉजी म्हणजे तळपायावरच्या ठराविक जागा दाबून शरीरातल्या अवयवांवर इलाज करण्याचा दावा करणारा उपचार. तिच्या सेंटरच्या भिंतीवर तळपायांचा एक रंगीत नकाशा हमखास लावलेला असतो. अंगठ्यात मेंदू, चवड्यात फुप्फुसे, उजव्या तळव्यात यकृत, डाव्यात प्लीहा, टाचेत ओटीपोट, आतल्या कडेने मणका. खुर्चीत रेललेले गिऱ्हाईक तासभर त्या नकाशाकडे बघत बसते. स्वतःचा तळपाय मात्र त्याने कित्येक महिन्यांत उलटून पाहिलेला नसतो. पायांच्या दुखण्यांवर रोज काम करणारे म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की जायचे तर खुशाल जा, पण आदल्या दिवशी घरी दहा मिनिटे पायाला द्या. या उपचारात पुढे जे बिघडते त्याचे मूळ बहुधा एकच असते: ज्या पायाला दाब द्यायलाच नको होता, तो पाय पुढे केलेला असतो.

आईवडिलांच्या वाढदिवसाला सेशनचे कूपन भेट द्यायची टूम हल्ली निघाली आहे. म्हणजे जाणारी मंडळी साठी-सत्तरीतली, आणि त्यात मधुमेही आलेच. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की शरीरातल्या सगळ्यात लांब नसा आधी बधिर होतात, म्हणजे पायाच्या बोटांच्या. ही बधिरता ज्याची त्याला कळत नाही, हीच मेख आहे. चालता चालता चप्पल निसटते आणि चार पावले पुढे गेल्यावर लक्षात येते, ही तिची घरगुती खूण. दवाखान्यात १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (ठराविक दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा) आणि १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने (कंप पावणारा धातूचा चिमटा) संवेदना तपासतात. घरी करता येण्याजोगी तपासणी इंग्लंडमधल्या इप्स्विच गावच्या डॉक्टरांनी रुळवली आणि तिला फक्त एक बोट लागते. आईला पाय लांब करून, डोळे मिटून बसवा. ज्या पायाला स्पर्श जाणवेल तो ‘उजवा’ की ‘डावा’ एवढेच तिने सांगायचे. तुम्ही तर्जनीच्या टोकाने, माशी बसावी इतक्या हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवे मधले बोट, शेवटी डावे मधले. दाबायचे नाही, चोळायचे नाही, टोचायचे नाही, आणि एखादा स्पर्श कळला नाही तर तो पुन्हा द्यायचा नाही. लोक चुकतात ते इथेच. ‘अगं, नीट लक्ष दे’ म्हणत दुसऱ्यांदा जोरात दाबतात आणि मग कळलेच म्हणून टिक करतात. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श हुकले, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असे समजून कूपन बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना पाय दाखवा.

एवढा खटाटोप कशासाठी, तर दाबाचा सगळा हिशेब ‘दुखतंय का?’ या प्रश्नावर चालतो. गिऱ्हाईक ‘नाही’ म्हणाले की दाब वाढतो. बधिर पाय कायमच ‘नाही’ म्हणणार. दाब द्यायच्या लाकडी काडीने आलेला फोड किंवा नखाचा ओरखडा त्याला कळत नाही, त्याच पायाने माणूस चालत राहतो, आणि पंधरा दिवसांनी मोज्यावर डाग दिसतो तेव्हा आत जखम झालेली असते. याहून वाईट प्रकार म्हणजे मधुमेह्याचा एकच पाय अचानक सुजणे, लाल होणे, हाताला दुसऱ्यापेक्षा गरम लागणे, आणि एवढे होऊनही फारसा न दुखणे. त्याला शार्को पाय म्हणतात. आतली हाडे ठिसूळ होऊन सांध्यांची पडझड चाललेली असते. अशा पायावर शरीराचा भारसुद्धा टाकायचा नसतो, मग दाब कुठला द्यायचा? मुरगळला असेल म्हणून मालिश करवून घेतलेला असा पाय नंतर आयुष्यभर वाकडा राहतो.

दुसरी गोष्ट रक्तपुरवठ्याची. थोडे चालले की पोटरी भरून येते, उभे राहिले की थांबते, पुन्हा चालले की पुन्हा तेच, नडगीवरचे केस गळून कातडी चकचकीत झालेली, बोटे गार, रात्री पाय पलंगाखाली लोंबकळवला की बरे वाटते. ही लक्षणे धमन्या अरुंद झाल्याची आहेत. तंबाखू, विडी, सिगारेटवाल्यांनी तर जास्तच जपावे. अशा पायावर साधी खरचटही भरून यायला महिने लागतात. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.९ पेक्षा कमी आले तर धमनीत अडथळा आहे, आणि तो अंगठ्याने दाबून सुटणारा नाही.

तिसरी, आणि जिवावर बेतणारी, म्हणजे पोटरीच्या शिरेतली गुठळी. रात्रभराचा बसप्रवास, गुडघा किंवा खुब्याचे ऑपरेशन, पायाचे प्लॅस्टर, बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, कॅन्सरचे उपचार या काळात तिचा धोका वाढतो. एक पोटरी सुजली, ठणकते आहे, गरम आहे, तर शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या खाली १० सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. फरक ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन डॉपलर (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्यावा. ‘पाय भरून आलाय, जरा चोळून घेतो’ हे इथे चालत नाही. सुटलेली गुठळी फुप्फुसात जाऊन बसू शकते. दोन्ही पाय सारखे सुजत असतील तर नडगीच्या हाडावर अंगठा पाच सेकंद दाबून उचला. खळगा तसाच राहिला तर पाणी साठते आहे. त्याचे कारण हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा रक्तदाबाची एखादी गोळीही असू शकते. कारण कळेपर्यंत मसाज नको.

बाकीचे भराभर सांगतो. अंगठ्याच्या मुळाशी रात्रीतून लाली, आग आणि चादरीचा स्पर्शही सोसवेना, तर तो गाऊट (यूरिक ॲसिडमुळे सांधा सुजणे), त्याला हात लावू नये. ताजी मुरगळ, हाड मोडलेले, ताप, पायाची कातडी लाल होऊन वर सरकत चाललेली, टम्म फुगलेल्या शिरा: नको. हाडे ठिसूळ असतील तर काडी आणि जोराचा दाब वर्ज्य. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर हलका दाबही निळे डाग पाडतो. तेव्हा आधी सांगा, आणि सेशनसाठी म्हणून गोळी मात्र चुकवू नका. केमोथेरपी चालू असेल तर प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) किती आहेत ते विचारल्याशिवाय पाय पुढे करू नये. गरोदरपणात घोट्याच्या आतल्या बाजूचा बिंदू दाबला तर कळा येतात असे सांगतात. त्याला पक्का पुरावा नाही, पण पहिले तीन महिने चांगले रिफ्लेक्सॉलॉजिस्ट स्वतःच नाही म्हणतात. शेवटच्या महिन्यांत उताणे झोपवून तासभर पाय चोळणे चूकच. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून घेरी येते. तेव्हा पाठीला उशा लावून रेलावे किंवा डाव्या कुशीवर व्हावे. गरोदर बाईचा चेहरा आणि हात अचानक सुजले, डोके दुखू लागले, तर आधी रक्तदाब मोजायचा.

आता पाय उलटा. बोटांच्या बेचक्या फाकवून बघा. पावसाळ्यात चिखल्या नसलेला पाय विरळा. चिखल्या, टाचेच्या रक्त निघणाऱ्या भेगा, कापलेले कुरूप, ताजे नख काढलेले बोट, यातले काही असेल तर ते भरेपर्यंत थांबा. तुमच्यासाठी आणि तुमच्यानंतर त्याच खुर्चीत बसणाऱ्यासाठीही. थाई पद्धतीत वापरतात ती लाकडी काडी किंवा आपल्याकडची ॲक्युप्रेशरची जिम्मी सच्छिद्र असते, पुसली तरी निर्जंतुक होत नाही. आपली आपण घेऊन जावी. बुडबुडे सोडणाऱ्या टबमध्ये पाय बुडवायला देत असतील तर तो कधी आणि कशाने धुतला ते विचारा. २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनच्या अशाच टबातून शंभरावर बायकांच्या पोटऱ्यांवर महिनोन्महिने न भरणारी गळवे उठली होती. पाण्याच्या फिल्टरमध्ये केसकचरा साठून त्यात जंतू वाढले होते, आणि आधी पायाचे केस वस्तऱ्याने काढलेल्यांना धोका जास्त होता. म्हणून आदल्या दिवशी शेव्हिंग, वॅक्सिंग करू नये.

एवढे सगळे ठीक असेल तर जायला हरकत नाही. पण कशासाठी जायचे, ते समजून जावे.

हा नकाशा प्राचीन असल्याचे सांगतात आणि पुराव्यादाखल इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या एका थडग्यातले चित्र दाखवतात. त्यात एकजण दुसऱ्याचा पाय धरून बसलेला दिसतो खरा, पण पायाचा नकाशा त्यात कुठेच नाही. आज भिंतीवर दिसतो तो नकाशा अमेरिकेतला आहे. विल्यम फिट्झजेराल्ड या कान-नाक-घसा डॉक्टरांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले आणि १९१७ मध्ये ते मांडले. १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी ते तळपायावर उतरवून अवयव वाटून दिले. तळपाय आणि यकृत यांना जोडणारी अशी कोणतीही वेगळी नस शरीरशास्त्राला सापडलेली नाही. वेगवेगळ्या परंपरांचे दोन नकाशे शेजारी लावले तर एकच अवयव वेगळ्या जागी दिसतो.

मग दाबल्यावर आत जे ‘खरखरते’, ते काय? बहुतेक ठिकाणी त्याला साठलेले विष किंवा यूरिक ॲसिडचे खडे म्हणतात. अंगठ्याच्या मुळाशी खालच्या बाजूला वाटाण्याएवढी दोन हाडे असतात. दाबणाऱ्याच्या बोटाखाली ती गोटीसारखी सरकतात. शिवाय स्नायूंच्या दोऱ्या, आणि टाचेखालच्या गादीतले चरबीचे कप्पे. एका पायात २६ हाडे आणि तीसेक सांधे आहेत, काही ना काही बोटाला लागणारच. टाचेच्या आतल्या बाजूला दाबले की कळ येते ती बहुधा तळव्याच्या पट्ट्याच्या, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या जाड पडद्याच्या, मुळाशी, दिवसभर फरशीवर उभे राहिल्याने. ती जागा नकाशात कंबर नाहीतर सायटिका म्हणून रंगवलेली असते, आणि चाळिशीपुढच्या कुणाची कंबर दुखत नाही? निदान बरोबर आल्यासारखे वाटते ते असे.

निदानाची रीतसर परीक्षाही झालेली आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी १८ रुग्णांचे पाय दोन रिफ्लेक्सॉलॉजिस्टांना दाखवले. रुग्णांचे आजार त्यांना सांगितले नव्हते. पायावरून कुणाला काय आहे हे त्यांना ओळखता आले नाही. म्हणून ‘तुमची किडनी वीक दिसते’ असे कुणी सांगितले तर घाबरून वीस सेशनचे पॅकेज घेऊ नका. सीरम क्रिएटिनीन आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासा, उत्तर दुसऱ्या दिवशी मिळते. ‘लिव्हर एकदम क्लिअर आहे’ हे वाक्य तर त्याहून महागात पडते. ते ऐकून माणूस खरी तपासणी पुढे ढकलतो.

उपचार म्हणून काय हाती लागते? पर्यायी उपचारांचे संशोधक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या १८ चाचण्या एकत्र तपासल्या. कोणत्याही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजी लागू पडते असे खात्रीने म्हणता येईना. ऑस्ट्रेलिया सरकारने १ एप्रिल २०१९ पासून खाजगी आरोग्यविम्यातून ज्या उपचारांना वगळले, त्यांत हाही आहे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्तनाचा कॅन्सर वाढलेल्या ३८५ स्त्रियांवरच्या अमेरिकी चाचणीत (२०१२) रिफ्लेक्सॉलॉजीने धाप कमी झाली आणि हालचाल सुधारली. वेदना, मळमळ आणि चिंता मात्र तशाच राहिल्या. पाय चोळून घेतल्यावर अंग सैल पडते, झोप लागते, हे आम्हीही नाकारत नाही. ते पाय चोळण्याचे सुख आहे. आजीने खोबरेल लावून तळवे चोळले तरी ते मिळते, आणि तेवढ्यासाठी पैसे मोजायला कुणाची ना नाही.

काशाच्या वाटीचा विषय निघाला नाही तर मराठी घरातले पायाचे बोलणे पुरे होत नाही. तूप लावून वाटीने तळवे घासले की काळे निघते आणि ‘बघा, उष्णता बाहेर पडली’ म्हणतात. कासे म्हणजे तांबे आणि कथील. घासताना त्याचे बारीक कण तुपात मिसळून काळे होते. तीच वाटी तूप लावून जुन्या फडक्यावर पाच मिनिटे घासा, फडकेही काळे होईल. फडक्यात उष्णता कुठून आली? वाटीने घासणे छान वाटते, जरूर घासावे, काळ्याचा अर्थ लावू नये. मिठाच्या पाण्यात वीज सोडून पाय ठेवायला लावतात आणि पाणी तपकिरी करून दाखवतात, तिथेही तपकिरी असतो तो मशीनमधल्या धातूच्या पट्ट्यांच्या लोखंडाचा गंज. पाय न घालता मशीन चालू ठेवायला सांगा. मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

प्रत्यक्ष जाताना पोट तडस लागेल इतके भरलेले नको, आणि इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीही जाऊ नये. गुडघ्यापर्यंत वर जाईल असा सैल पायजमा घाला. पहिल्या दहा मिनिटांत समोरच्याने औषधे, ऑपरेशने, मधुमेह, गरोदरपण हे विचारायला हवे. काही न विचारता त्याने टॉवेल पसरला तर उठून यावे. नखे कापलेली आहेत का ते बघा. मूळ पद्धतीत तेल वापरत नाहीत. अंगठ्याचे टोकाचे पेर वाकवत, सरळ करत, सुरवंटासारखे तळव्यावर पुढे सरकवतात, त्यासाठी फार तर थोडी पावडर. ही चाल ज्याला येते त्याने प्रशिक्षण घेतले आहे एवढे समजावे. जो नुसता काडीने रगडतो, त्याने बहुधा घेतलेले नसते. पहिल्यांदा अर्धा तास पुरे. दुखणे शून्य ते दहामध्ये मोजायचे आणि चारच्या वर गेले की थांबवायचे, हे आधीच ठरवून घ्या. ‘दुखतंय म्हणजे ब्लॉकेज सुटतोय’ या वाक्यावर दात-ओठ खाऊन सहन केलेल्या दाबाचे फळ दुसऱ्या दिवशी निळ्या डागांच्या रूपाने मिळते. आणि सेशन संपल्यावर दोन मिनिटे बसून मगच उठावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला झटकन उठताना अंधारी येते. तेल लावले असेल तर तळवे कोरड्या टॉवेलने पुसून घ्या. तेलकट पाय आणि गुळगुळीत टाइल्स या जोडीने मोडलेला खुबा कोणत्याही नकाशात सापडत नाही.

पैशाचे म्हणाल तर आगाऊ पॅकेज घेऊ नये. तीन वेळा जा, आणि प्रत्येक वेळी आदल्या रात्रीची आणि त्या रात्रीची झोप किती तास, दुखणे दहापैकी किती, हे कॅलेंडरवर लिहा. तिसऱ्या वेळेनंतर आकडे हलले नाहीत तर चौथी वेळ मौजेखातर, उपचारासाठी नव्हे. साखरेची, रक्तदाबाची, थायरॉइडची गोळी बंद करायला सांगणारा कितीही गोड बोलत असला तरी तिथे पुन्हा जाऊ नका.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चर करणाऱ्यांच्या नोंदणीसाठी २०१५ चा कायदा आहे. रिफ्लेक्सॉलॉजीसाठी अशी सरकारी नोंदणी नाही, त्यामुळे भिंतीवरच्या ‘इंटरनॅशनल’ प्रमाणपत्राला कायद्याचा आधार नसतो. मात्र मधुमेह, रक्तदाब, मुतखडा बरा करणाऱ्या चुंबकीय चपला आणि गाद्या जाहिरातीत दिसल्या तर गप्प बसायचे कारण नाही. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने ५४ आजारांची यादी दिली आहे. ते बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात गुन्हा ठरते. शरीराच्या कार्यावर परिणाम करण्यासाठी म्हणून विकलेली कोणतीही वस्तू, खाद्यपदार्थ सोडून, त्या कायद्याच्या लेखी ‘औषध’च आहे. जाहिरातीचे कात्रण किंवा फोटो आणि पावती जपून ठेवा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, आणि पैसे परत मिळवायचे तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

एक राहिलेच. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या चार पावलांना टाच दुखते म्हणून रिफ्लेक्सॉलॉजीला जाणारे पुष्कळ असतात. त्यांनी आधी हे करून पाहावे. जमिनीवर पाय टेकण्यापूर्वी, पलंगावरच, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. हाताने सगळी बोटे नडगीकडे ओढा, तळव्याचा पट्टा तारेसारखा ताणलेला दुसऱ्या हाताच्या बोटाला लागला पाहिजे. दहापर्यंत मोजा, सोडा, असे दहा वेळा. दिवसातून तीनदा. घरात अनवाणी न फिरता मऊ चप्पल वापरा. फरक पडायला आठवडे लागतात आणि रोज केले तरच पडतो. सुटीच्या दिवशी शंभर वेळा ओढून उपयोग नाही, उलट टाच जास्त दुखते.

आपले,
पायांच्या विकारांवर काम करणारे दोघे फिजिओथेरपिस्ट, पुणे